तोंडं खाली ठेवलेल्या पुंगळ्या

सकाळी शेडमध्ये पाय टाकला आणि पहिल्यांदा दिसला तो काडतुसात भरायची दारू मोजायचा तराजू. उघडा. मी तराजू कधी उघडा ठेवत नाही, धूळ बसते आणि माप चुकतं. माझा मुलगा वेडही ठेवत नसे. वेड गेल्या वर्षी जंगलात लाकूडतोडीच्या कामावर गेला, झाड अंगावर पडून. तेव्हापासून या घरात मी आणि त्याची बायको मार्ला, दोघंच. म्हणजे हा उद्योग मार्लाचा.

मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि झाकण घालायला पुढे झालो, तेव्हा फळी दिसली.

ही फळी म्हणजे लाकडाचा ठोकळा, भोकं पाडलेला. काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या तिच्यात उभ्या करून ठेवतात. डाव्या बाजूला मी तयार केलेल्या पुंगळ्या होत्या, तोंडं वर, जशा ठेवल्या होत्या तशाच. उजव्या बाजूला तोंडं खाली करून ठेवलेल्या होत्या. त्या गायब. भोकं रिकामी. शेजारी गोळ्यांचं खोकं अर्धं संपलेलं.

 तिथल्या स्टुलावर बसलो आणि नाकातली ऑक्सिजनची नळी दोन्ही हातांनी धरून नुसता श्वास घेत राहिलो.

वेडची रायफल ही बाजारातली रायफल नाही. सॅमन गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने तिची नळी त्याला हौसेने बनवून दिली होती. तिचं काडतूस दुकानात मिळत नाही. मोठ्या काडतुसाची पुंगळी घ्यायची, दाबयंत्रात घालून तिची मान आवळायची, मग चालतं. पण मान आवळली की पितळ जातं कुठे? तिथेच गोळा होतं, मान जाड होते. ती बाहेरून तासावी लागते, छोट्या पात्याने, पुंगळी हाताने फिरवत, केसाएवढं पितळ काढत. कारागिराने नळीचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, इतकं घट्ट ठेवलंय, की न तासलेली मान त्यात मावत नाही. जोर केला तर मात्र शिरते. बोल्टवर, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्यावर, तळहात मारला की शिरते. आणि मग बार उडाला की मानेला फाकायला जागा नाही, ती गोळी सोडत नाही, आणि कोंडलेला सगळा जाळ मागे येतो. बोल्टच्या मागे माणसाचा चेहरा असतो.

आमच्या घरात तोंड खाली म्हणजे काम बाकी. मान तासून झाली की पुंगळी उलटून तोंड वर करायची. माझ्या बापाची रीत, माझी आणि वेडचीही. यात शिकवण्यासारखं काय आहे, असंच मला वाटत आलं.

मार्लाच्या माहेरी उलटं होतं. तिने मागे एकदा जेवताना सांगितलं होतं, मी अर्धवट ऐकलं होतं आणि वरून हसलो होतो. त्यांच्याकडे तोंड खाली, बूड वर म्हणजे पितळेचं सगळं काम झालं, आता बुडात बार पेटवणारी टोपी बसवा आणि भरा. तोंड वर ती अजून तपासायची. तिने तिच्या बापाच्या रीतीने चोख काम केलं होतं. तयार पुंगळ्या सोडल्या आणि न तासलेल्या भरल्या.

आणि हे सगळं माझ्यावर चिडून. आदल्या संध्याकाळीच आमची जुंपली होती. ती बटाटे सोलत होती, मी खिडकीशी बसलो होतो.

"उद्या शिकारीच्या मोसमाचा शेवटचा दिवस आहे," ती म्हणाली. "मी जाते वर."

"काठी घेऊन?"

"रायफल घेऊन. एवढे दिवस शेडमध्ये बसताय, पुंगळ्या झाल्या असतील ना?"

"होतील तेव्हा होतील. हात कापतात माझे, दिसत नाही?"

"म्हणून तर म्हणतेय, उरलेलं मी करते."

"तू आधी या घराची रीत शिक. वेडच्या रायफलीचे लाड काय आहेत ते तुला ठाऊक नाही."

"माझे वडील जन्मभर काडतुसं भरत होते, लेलंड."

"नेब्रास्कात. कोल्ह्यांसाठी."

तिने सुरी खाली ठेवली. चेहरा लालबुंद. "फ्रीझरमध्ये काय आहे ते बघितलंत का? मटार आणि बर्फ. हिवाळाभर तुमची रीत शिजवून घालू का?"

मी झोपेची गोळी घेतली आणि झोपायला गेलो. त्या गोळीने मला मेल्यासारखी झोप लागते. ती केव्हा शेडमध्ये गेली आणि केव्हा निघाली, मला पत्ता नाही.

उठलो तसा फोनकडे गेलो. ओढ्यापलीकडच्या इंग्रिडकडे लावला, नुसता वाजत राहिला. शेवटच्या दिवशी या खोऱ्यात घरी कोण सापडणार? लंगडे आणि म्हातारे. मार्लाचा फोन डोंगरात लागत नाही, तरी लावला. तिचा आवाज आला, "निरोप ठेवा." मी म्हटलं, "मार्ला, बार उडवू नकोस. काही झालं तरी उडवू नकोस." मग कळलं, की ती खाली आल्याशिवाय हे तिच्या कानावर पडणार नाही, आणि खाली आली तर सांगायची गरजच नाही.

दारामागची जुनी दुनळी बंदूक उचलली. का उचलली, सांगता येणार नाही, डोंगरात रिकाम्या हाताने जायची सवय नाही एवढंच. खणात तीन काडतुसं होती ती खिशात टाकली. सिलिंडर खांद्याला अडकवला आणि ट्रक काढला.

टोबायस ओढ्याच्या रस्त्यावर बर्फ गोठून काच झाली होती. ट्रक दोनदा घसरला. मी सारखा तिला शिव्या देत होतो, मोठमोठ्याने, एकटाच. तुझा अट्टाहास जाळ. तुझ्या बापाची फळी जाळ. मग तिच्या ऐवजी स्वतःला देऊ लागलो. जीव नुसता टांगणीला लागला होता. प्रत्येक वळणावर काच खाली करून ऐकायचो. लांब, दुसऱ्या डोंगरावर, कुणाचा तरी बार झाला. मी ट्रक थांबवला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आवाज जड होता, वेडच्या रायफलीचा नव्हता. ती चाबकासारखी कडाडते. तरी पुढची दहा-पंधरा वळणं मी काच खालीच ठेवली.

रस्ता संपतो तिथे तिची गाडी उभी होती. काचेवर दव गोठलेलं, म्हणजे पहाटेचीच. पावलं सरळ वर गेलेली, वेड जायचा त्याच वाटेने. मी हॉर्न दाबून धरला. खाली ओढा गर्जत होता आणि वर वारा होता. हॉर्नचा आवाज समोरच्या झाडांपर्यंत तरी पोचला की नाही, कुणास ठाऊक.

मग चालायला लागलो.

चालायला म्हणजे काय, चार पावलं टाकायची आणि झाडाला मिठी मारायची. लाकडाच्या गिरणीतल्या भुशाने माझी फुफ्फुसं कधीच खाल्लीत. डॉक्टरने जिना चढू नका म्हणून सांगितलंय, आणि मी निघालो होतो डोंगर चढायला. एके काळी या वाटेवरून पाठीवर एल्क हरणाची मांडी घेऊन गाणं म्हणत उतरलोय. पहिल्या वळणापर्यंत पोचलो आणि पाय दुमडले. बर्फातच बसलो. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. यापुढे आपल्याच्याने एक पाऊल होणार नाही, हे मला अगदी स्वच्छ कळलं.

वर कुठेतरी ती पोरगी पोटावर पडून दुर्बिणीतून बघत असेल. गाल रायफलीच्या लाकडाला चिकटवून. आणि मी इथे एका वळणावर.

तेव्हा दुनळी आठवली. डोंगरात तीन बार लागोपाठ म्हणजे माणूस संकटात आहे. ऐकणाऱ्याने हातातलं सगळं सोडून त्या दिशेला यायचं, मग समोर एल्कचा केवढाही नर उभा असो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला आधी कसं सुचलं नाही? मी काडतुसं काढली. बोटं बधिर झाली होती, एक बर्फात पडलं, ते पुसून घातलं. आकाशाकडे नळी केली. एक. दोन. पुन्हा भरलं. तीन.

आवाज कड्यावर आपटून परत आला. मला जरा बरं वाटलं. ती येणार. शिव्या घालत येईल, पण येणार.

आणि मग पुढचं आठवलं.

तीन बार ऐकले की ऐकणारा नुसता येत नाही. आधी एक बार उडवून उत्तर देतो, 'ऐकलं, येतोय.' अडकलेल्याने धीर सोडू नये म्हणून. हे वेडने तिच्याकडून लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात घोकून घेतलं होतं. मीच समोर बसून म्हटलं होतं, "उत्तर दिल्याशिवाय हलायचं नाही. विसरलीस तर माणूस मरतो."

म्हणजे मी तिला बोलावलं नव्हतं. मी तिला चाप ओढायला सांगितलं होतं.

मी ओरडलो. ओरडलो म्हणजे तोंड उघडलं, आवाज आलाच नाही. बर्फावर दोन्ही हात टेकून मी कान देऊन बसलो. देवाशी माझं वेडच्या दफनापासून बोलणं बंद होतं. त्या दिवशी बोललो. म्हटलं, तिला ऐकू गेलेलं नसू दे. वारा असू दे, ती बहिरी होऊ दे, मी इथे मेलो तरी चालेल. मला वेडचा चेहरा आठवत होता, शवपेटीत ठेवलेला, आणि त्याच्या जागी तिचा दिसत होता.

उत्तर आलं नाही. किती वेळ गेला, कळलं नाही. उत्तर आलं नाही म्हणून आधी सुटलो असं वाटलं, आणि मग दुसराच विचार घुसला. मी घरून निघण्याआधीच बार झाला असेल तर? मी झोपलेलो असतानाच झाला असेल तर? मग उत्तर देणार कोण? हा विचार आल्यावर मी आडवा झालो. 

कुणीतरी धावत येत होतं. फांद्या मोडत होत्या.

"लेलंड! लेलंड!"

मार्ला. धडधाकट. टोपी कुठेतरी पडलेली, केसांत बर्फ, पाठीवर मांस वाहायची लोखंडी चौकट, हातात रायफल. मला इतका आनंद झाला, की रडू फुटलं. पण श्वास कुठे होता? मी ऑक्सिजनच्या नळीवरच आडवा पडलो होतो. नळी अंगाखाली दुमडलेली आणि सिलिंडर नुसता फुसफुसत होता. हे तिला दिसलं नाही आणि मला सांगता येईना.

"काय झालं? छाती? छातीत दुखतंय? अरे देवा, ओठ निळे पडलेत." ती गुडघ्यांवर बसली, माझ्या गालावर चापट्या मारल्या. "बोला ना काहीतरी. एरवी तोंड बंद नसतं तुमचं."

मी मान हलवली. ओठ हलवले.

"थांबा. मी एकटी तुम्हाला उचलू शकत नाही. पलीकडच्या डोंगराच्या धारेवर माणसं आहेत, सकाळी मी धूर बघितलाय. बोलावते त्यांना." तिने माझी दुनळी उचलून उघडली. रिकामी. माझे खिसे चाचपले. "काडतुसं कुठायत? संपली? बरं, असू दे."

आणि तिने स्वतःची रायफल उचलली.

बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला. तो अर्ध्यावर अडला. "काय झालंय याला," ती पुटपुटली आणि तळहाताने मारला. अडला. मी हात उचलला, तिच्या पायापर्यंत पोचला नाही. तिने दुसऱ्यांदा मारला, सगळ्या अंगाचा जोर लावून, आणि बोल्ट बसला. तो आवाज मी ओळखतो. आयुष्यभर मला तो आवाज आवडत आला होता.

तिने नळी आकाशाकडे केली. लाकूड गालाला लावलं.

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. रायफलीचा पट्टा माझ्या तोंडापुढे लोंबत होता. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि जेवढं वजन अंगात होतं तेवढं त्याला लोंबकळलो. नळी खाली आली. मी नळीचं तोंड पकडलं आणि स्वतःच्या छातीला लावलं, कोटाच्या बटणांमध्ये, घट्ट. आता उडव म्हणावं.

मार्ला पुतळ्यासारखी झाली. बोट चापावर. तिचे डोळे एवढे मोठे झाले होते.

"सोडा," ती म्हणाली. अगदी हळू. "लेलंड, सोडा ते."

मी मान हलवली.

"तुम्हाला जायचंय का? म्हणून आलात इथवर? वेडच्या मागे जायचंय?" बोट तिने चापावरून काढलं, सावकाश, मला दिसेल असं. "आणि मी? मी काय करू? त्या घरात मी कुणासाठी राहतेय असं वाटतं तुम्हाला? भिंतींसाठी? रोज रात्री उठून तुमचा श्वास चालू आहे का ते बघते मी. रोज. कळलं?"

मला ते ठाऊक नव्हतं. त्या गोळीने मला झोप लागते ना.

तिने रायफल बाजूला केली आणि मला काखेत धरून बसतं केलं. मी उठलो तशी अंगाखालची नळी सुटली. हवा आली. आधी जेमतेम, मग पुरेशी.

"पुंगळ्या," मी म्हणालो.

"काय?"

"तासल्या नाहीत. तोंड खाली होत्या त्या."

 मग तिने रायफल घेतली आणि तोंड झाडांकडे करून बोल्ट उघडायला लागली. उघडेना. हाताने होईना, तेव्हा बुटाने ठोकून उघडला. काडतूस बर्फात पडलं. तिने ते उचललं आणि मानेवरून नख फिरवलं. तासलेली मान लखलखते. ही आवळण्याआधी तापवून नरम केलेली, तशीच निळसर होती, आणि तिच्यावर नळीच्या घरात घुसताना उठलेले ओरखडे होते.

ती माझ्या शेजारी बर्फात बसली.

"आमच्याकडे तोंड खाली म्हणजे झालेल्या," ती म्हणाली.

"माहीत आहे. सांगितलं होतंस तू. मी ऐकलं नव्हतं."

ती काडतूस हातात फिरवत राहिली. 

"नर होता समोर," ती म्हणाली. "मोठा. मी गाल टेकवला होता, बोल्ट बसत नव्हता म्हणून मारायलाच हात उचलला होता. तेवढ्यात तुमचे बार."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

"आठवलं मला. उत्तर द्यायचं असतं ते. पण दुनळीचा आवाज होता. या डोंगरात शेवटच्या दिवशी दुनळी घेऊन कोण येणार तुमच्याशिवाय?" तिने नाक पुसलं. "बोल्ट आधीच अडत होता. त्याच्याशी झटत बसले असते तर तेवढ्यात तुम्ही मेला असता. म्हटलं, खड्ड्यात गेली रीत. आणि धावले."

  या पोरीने उत्तर देण्याचं माझं ऐकलं असतं तर मी आज दुसरी पेटी खरेदी करत असतो. एवढं एकच वाक्य डोक्यात घोळत होतं. मी तिचा हात धरला. आजवर धरला नव्हता, दफनाच्या दिवशीसुद्धा नाही.

खाली कसं जायचं, हा प्रश्न होताच. तिने पाठीवरची चौकट काढून बर्फात उभी केली. खालच्या कप्प्यावर आपला कोट घातला.

"बसा."

"मूर्खासारखं काही करू नकोस. त्यावर मांस वाहतात."

"तुमच्यात आता मांस उरलंय कितीसं? बसा म्हटलं ना."

मी बसलो, पाठीला पाठ लावून, सिलिंडर मांडीवर. मांस बांधायच्या दोरीने तिने मला आवळलं. मग गुडघ्यावर आली, एकदा कण्हली, आणि उठली. वाट उलटी दिसत होती, जिथून आलो ती बाजू वर वर जात होती. तिचा श्वास मला पाठीतून ऐकू येत होता.

थोडं उतरल्यावर ती थांबली. एका झाडाला टेकून खिसे चाचपले आणि यंदाच्या शिकारीचा टॅग बाहेर काढला, मारलेल्या जनावराच्या अंगावर बांधायचा तो, कोराच राहिलेला.

"मोसम आज संपतो," ती म्हणाली. आवाज रडण्यातून येत होता. "कुठे बांधू? कानाला की पायाला?"

मी मागे हात केला आणि मनगट तिच्यापुढे धरलं.